उशिराची फेरी

४ सप्टेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टाकून देशील, असं आई म्हणते. मी म्हटलं, टाकू दे, मी लिहिणारच. बातमीच अशी आहे की पोटात राहत नाही.

मी बस चालवते! अख्खी मोठी बस, जिच्या आरशात बघायला मला मान उंच करावी लागते. लॉन्ड्रीतली वाफ, ते चादरींचे डोंगर, सगळ्याला रामराम. चालकाच्या परीक्षेला एवढ्या पुरुषांत आम्ही दोघीच बायका. परीक्षक म्हणाला, "बाई, क्लचपर्यंत पाय पोचतो का तुमचा?" मी म्हटलं, "पोचतो, आणि ब्रेकपर्यंतही पोचतो. तुम्ही पट्टा बांधा." पहिल्याच खेपेला पास झाले. भिंगरीचे बाबा आता मला घरातसुद्धा 'चालकसाहेब' म्हणतात. भांडी घासायची वेळ आली की मात्र साहेबपण काढून घेतात.

आता दुसरी बातमी. ती पहिलीपेक्षा मोठी आहे. आपल्या खालच्या वस्तीतली शाळा बंद झाली. छप्पर धोक्याचं झालं होतं, आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा मुलं हलवणं शिक्षण मंडळाला सोपं वाटलं. आणि मुलं कुठे हलवली माहितीये? टेकडीवरच्या शाळेत! तुझ्या शाळेत! तू त्या वर्गात आपल्या रंगाची एकटी होतीस. आता बस भरून मुलं जातात, आणि त्यांना नेते कोण, तर मी.

भिंगरी माझ्या मागच्याच सीटवर बसते. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि आपल्या बाबांच्या खोलीच्या दाराआड उभी होती. आता तेरा पूर्ण आहेत. नाव अजून सार्थ करते, दोन मिनिटं एका जागी ठरत नाही. पहिल्या दिवशी टेकडीचा चढ लागला तशी सगळी बस गप्प झाली. वर ती लाल विटांची इमारत, ती हिरवळ, त्या उंच खिडक्या. मग भिंगरी एकदम ओरडली, "मावशीची शाळा!" आणि पोरं टाळ्या पिटायला लागली. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटतंय की काय असं वाटलं.

तुला काही मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. बाबा गेले त्या दिवशी तू जे बोललीस आणि त्यावर मी जे बोलले, त्यातलं काही इथे उगाळणार नाही. फक्त बातमी कळवायची होती.

तुझी,
धाकटी

*

९ ऑक्टोबर

ताई,

तुझं कार्ड आलं! "पत्र मिळालं. अभिनंदन. मुलीचा अभ्यास नीट घे." इतकंच. तार करतानासुद्धा माणसं याहून दोन शब्द जास्त खर्चतात. पण आईने ते कार्ड शेजारच्या तिन्ही घरांत फिरवून आणलं. "डॉक्टरीणबाईंना वेळ कुठे असतो," असं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. तिला ऐकू कमी येतं म्हणतात, पण तुझं नाव भिंतीपलीकडून ऐकू येतं.

भिंगरीला काय झालंय ते सांगते. तिला प्रयोगशाळा झालीये. सर्दी होते तशी. खालच्या शाळेत प्रयोग म्हणजे फळ्यावर काढलेलं परीक्षानळीचं चित्र. इथे खरी नळी, खरी ज्योत, निळा कागद तांबडा होतो तो खरोखर तांबडा होतो! घरी आली की माझ्या स्वयंपाकघरातलं सगळं तपासते. परवा व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून ओटाभर फेस केला आणि वर म्हणते, "आई, रागावू नकोस, ही अभिक्रिया आहे." मी म्हटलं, "आता माझी अभिक्रिया बघ."

बसमधली बाकीचीही तशीच. एक आहे टाचणी, अंगाने आणि जिभेनेही. एक आहे आजोबा. वय तेरा, पण बोलतो असा की पेन्शन घेत असावा. चढ लागला की म्हणतो, "सावकाश घ्या काकू, इंजिनाचंही वय झालंय." या सगळ्यांना आता एकच ध्यास आहे, निवड वर्ग. तुला माहीतच आहे, पुढे विज्ञानाला जायचं तर त्या वर्गातूनच वाट आहे. साध्या वर्गात राहिलं की ते दार बंद. पोरं बसमध्ये मूलद्रव्यांची नावं पाढ्यासारखी म्हणतात. मलाही निम्मी पाठ झाली.

एक-दोन गोष्टी खटकतात, पण त्या लिहून पत्र कडू करत नाही. बरं, एक लिहिते. फाटकावरचा रखवालदार मोटारीतून उतरणाऱ्या गोऱ्या मुलांना नमस्कार करतो आणि आमच्या बसमधून उतरणाऱ्यांना ओळखपत्र विचारतो. रोज. तीच मुलं, तेच कार्ड. आजोबाने परवा त्याला विचारलं, "काल रात्रीत बदललो का हो मी?"

सभागृहात तुझा मोठा फोटो लावलाय, माहीत आहे का तुला? खाली लिहिलंय, 'जिद्द असेल तर'. रंग मात्र दोन छटा उजळ केलाय. भिंगरी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी आजारी होती का तेव्हा?"

धाकटी

*

१७ नोव्हेंबर

ताई,

मी सध्या घरी आहे. का, ते ओघात येईलच. बस कोणी दुसराच चालवतोय आणि गिअर असा टाकतो की कोपऱ्यावरून मला ऐकू येतं आणि दात शिवशिवतात. पण काळजी करू नकोस, मी रडत नाहीये. उलट लिहायला बसलेय ती अशी धडधडत्या छातीने की अक्षर ओळीबाहेर जातंय. सांभाळून घे.

सुरुवातीपासून सांगते. पहिली चाचणी झाली. आमच्या बसमधली सगळी मुलं तळाला. एखाद-दुसरं नाही, सगळी. वाटेत एकही मूलद्रव्य ऐकू आलं नाही. टाचणी खिडकीला कपाळ टेकून बसली होती. मला वाटलं, आपलंच काही चुकतं. आपल्या घरांत पुस्तकं नाहीत, शांतता नाही, आपल्याला इंग्रजी-बिंग्रजी येत नाही. तू बाबांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाली होतीस ना, "मी करू शकले, तर बाकीच्यांना काय धाड भरलीय?" बघ, उगाळणार नाही म्हणाले आणि उगाळलंच. ते तुझं वाक्य त्या दिवशी मलाही खरं वाटलं, इतकी मी खचले होते.

मग पालकांची सभा झाली. विज्ञानाच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. गोऱ्या, उंच, आवाज मऊ. म्हणाल्या, "तुमची मुलगी हुशार आहे हो. पण शाळा सुटल्यावर प्रात्यक्षिकाचा जादा तास असतो, त्याला ती एकदाही थांबत नाही. खरा अभ्यास तिथेच होतो. तुमच्या भागातलं कोणीच थांबत नाही. आवड नाही का मुलांना?"

आणि मी, ताई, मी ताठ मानेने काय म्हणाले? "आमची बस तीनला सुटते, बाई. दोन महिन्यांत एक दिवस मी उशीर केलेला नाही."

बोलले, आणि माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं. बाईंच्याही पडलं असावं. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्यांना थांबताच येत नाही?"

टेकडीवरची मुलं पाच-साडेपाचपर्यंत थांबतात आणि आईवडिलांच्या मोटारीतून घरी जातात. आमच्या पोरांना मी रोज, अगदी घड्याळाच्या काट्यावर, त्या प्रयोगशाळेतून उचलून आणत होते. वर तोऱ्यात की माझ्यासारखी वेळेची पक्की चालक डेपोत दुसरी नाही! हसावं की रडावं, सांग.

दुसऱ्या दिवशी तीनला बाई बसमध्ये येऊन बसल्या. म्हणाल्या, "मला बघायचंय." पोरांची पाचावर धारण बसली. निम्म्या वाटेत, त्या वळणांवर, बाईंना मळमळायला लागलं. आजोबाने आपली टोपी पुढे केली. "संकोच करू नका, पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं होतं." बाई इतक्या हसल्या की मळमळ पळाली. थांबे घेत घेत वस्तीत पोचेपर्यंत तास उलटून गेला होता. त्या आमच्या घरी आल्या, चहा प्यायल्या, आणि आईने त्यांना "पुन्हा या, पण मोटारीने या" असं सांगितलं.

बाईंनी मुख्याध्यापकांना विचारलं. मी डेपोच्या साहेबांना विचारलं. उशिराची दुसरी फेरी द्या, आठवड्यातून दोनदा तरी. साहेब म्हणाले, "डिझेल काय तुझ्या घरी गळतं? मंडळाने ठरवलेल्या वेळेला गाडी सुटेल." मी मान डोलावली. खरंच डोलावली.

आणि पुढच्या गुरुवारी गाडी सोडली नाही.

झालं काय, त्या दिवशी जादा तासाला मोरचुदाचे निळे स्फटिक करायचे होते. तीन वाजले. मुलं निमूट येऊन बसली. मी किल्ली घातली. आरशात भिंगरी दिसली. ती प्रयोगशाळेच्या खिडकीकडे बघत होती, मागितलं काहीच नाही तिने. मागितलं असतं तर मी ओरडले असते. मी किल्ली काढली. म्हटलं, "उतरा. जा सगळी. साडेपाचला इथे या." मग जी धाव घेतली पोरांनी! दप्तरं सीटवरच टाकून!

ताई, येतानाची ती फेरी तुला दाखवायला हवी होती. अंधारत आलं होतं, दिवे लावले होते, आणि मागे सगळी एकाच वेळी बोलत होती. कोणाचा स्फटिक मोठा, कोणाचा फुटला, कोणाला का झाला नाही. टाचणीची बोटं निळी झाली होती आणि ती धुवायला तयारच होईना. मी गाडी चालवत होते आणि मला वाटत होतं की माझ्या पाठीमागे चाळीस दिवे पेटलेत.

वस्तीत पोचलो तर रस्त्यावर सगळ्या आया. कोणी पोलिसांकडे निघालेली, कोणाच्या डोळ्यांना धारा. बाईंनी घरोघरी फोन करते म्हणून सांगितलं होतं, पण अर्ध्या घरांत या वेळेला फोन घ्यायला माणूसच नसतं. आजोबाच्या आईने मला असं फैलावर घेतलं की विचारू नकोस. "तुझ्या पोरीसाठी आमच्या पोरांचा जीव टांगणीला लावलास!" तिचं काय चुकलं? मी खाली मान घालून ऐकलं. सकाळी डेपोत गेले, साहेबांनी किल्ली मागून घेतली. चौकशी होईपर्यंत घरी बस.

म्हणून घरी आहे.

पण गंमत पुढे आहे. आजोबाची आई तिसऱ्या दिवशी दारात आली. रागातच होती. म्हणाली, "रात्रभर तो स्फटिक उशाशी घेऊन झोपला. आता पुढचा तास कधी आहे ते सांग." आता आम्ही सगळ्या आया मिळून मंडळाकडे जाणार आहोत. ५ डिसेंबरला शाळेच्या सभागृहात सुनावणी आहे, उशिराच्या फेरीची आणि सोबत माझ्या नोकरीचीही. एकाच दिवशी दोन्ही.

मंडळाचे अध्यक्ष काय म्हणणार हे सगळ्यांना आधीच माहीत आहे. परवा पालकांची पुन्हा सभा झाली, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट करून म्हटलंच होतं, "याच वस्तीतली मुलगी डॉक्टर झाली. तिला कुठे होती उशिराची बस?"

मी तेव्हा गप्प बसले. पण तुला सांगते, ताई. होती. तुला बस होती. बाबा होते. रोज संध्याकाळी ती जुनी सायकल दामटत टेकडी चढायचे आणि तुला कॅरिअरवर बसवून आणायचे. मी सोबत येण्याचा हट्ट करायचे, तर म्हणायचे, "येताना ताई असते गं, जागा कुठे आहे?" त्यांना रात्रपाळी होती म्हणून ते जमलं. मी त्या शाळेच्या वयाची होईपर्यंत त्यांची दिवसपाळी झाली होती. मग मी खालच्याच शाळेत गेले. हे गाऱ्हाणं नाही. मला माझी बस आवडते. पण हे असं झालं.

धाकटी

*

२६ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. या वेळी कार्ड नाही, पानं! म्हणजे राग खरा आहे.

तू लिहितेस, मी कोणाची जाहिरात नाही. कबूल. तू लिहितेस, बाबा यायचे म्हणून अभ्यास आपोआप झाला नाही, डोळे फुटेस्तोवर वाचलं ते मी. तेही कबूल, तुझ्या खोलीतला दिवा मी पाहिलाय. तू लिहितेस, बाबांना या भांडणात ओढू नकोस, त्यांचं नाव घेऊन माझ्याकडून काही काढून घेऊ नकोस. हे मात्र कबूल नाही. बाबा माझेही होते.

पण एक तू बरोबर पकडलंस. पहिल्या पत्रात मी म्हणाले की काही मागायचं नाही, आणि तिसऱ्यात भिंतीवरच्या फोटोची गोष्ट सांगून थांबले. ताकाला जाऊन भांडं लपवलं. आता भांडं पुढे करते. ये. ५ तारखेला ये. अध्यक्ष तुझ्या फोटोकडे बोट दाखवतील तेव्हा फोटोतली बाई उठून बोलली तर काय बहार येईल!

नाही आलीस तरी मी बोलणारच आहे. रोज जेवणं झाल्यावर सराव चालतो. भिंगरी अध्यक्ष होते, आई मंडळ होते आणि मध्येच झोपते. मी तावातावाने बोलते आणि भिंगरी हात वर करते, "आई, तू भांडतेयस. सांग. नुसतं सांग." कोणावर गेलीये कोण जाणे. माझ्यावर नक्कीच नाही.

नोकरी गेली तर लॉन्ड्रीवाले परत घेतील. विचारून ठेवलंय. तेवढी वाफ सोसायची तयारी आहे.

धाकटी

*

६ डिसेंबर

ताई! ताई! ताई!

तुझी गाडी सुटायची म्हणून तू मध्येच उठून गेलीस, पुढचं तुला माहीतच नाही! आधी तू स्वतः काय बोललीस ते लिहिते. तुला माहीत आहे, पण मला ते पुन्हा एकदा माझ्या हाताने लिहून बघायचंय.

मी बोलून खाली बसले होते. भांडले नाही, सांगितलं. आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत पोचले. मग मोटारवाल्या पालकांपैकी एक म्हणाले, "ज्यांना तळमळ असते ते मार्ग काढतात." आणि अध्यक्षांनी अगदी ठरल्याप्रमाणे भिंतीकडे बोट केलं. "याच वस्तीतली…"

तेवढ्यात मागून आवाज आला, "माफ करा, मी उशिरा पोचले. फाटकावर रखवालदाराने ओळखपत्र मागितलं."

ताई, मी गर्रकन मागे वळले. तू दाराशी उभी, तुझी ती करडी बॅग, केस विस्कटलेले. अध्यक्षांनी चष्मा वर केला. "आपण कोण?" म्हणाले. फोटोखाली बसून! तू चालत जाऊन फोटोच्या शेजारी उभी राहिलीस. सगळं सभागृह एकदा तुझ्याकडे बघत होतं, एकदा भिंतीकडे. टाचणी मोठ्याने म्हणाली, "फोटो पुसट झालाय वाटतं!" आणि मागच्या रांगेत हशा पिकला.

मग तू बोललीस. दवाखान्यात निदान सांगतेस तशी, शांतपणे. "मी या शाळेत रोज संध्याकाळी जादा तासाला थांबायचे. मला न्यायला माझे वडील सायकलवर यायचे. त्यांना रात्रपाळी होती, म्हणून यायचे. दिवसपाळी असती तर मी तीनला घरी गेले असते, आणि तुम्ही या भिंतीवर दुसरं काहीतरी लावलं असतंत. माझ्याहून तल्लख मुलं त्या वस्तीत माझ्या सोबत वाढली." इथे तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली बघितलं, कारण वर बघितलं असतं तर तिथेच हंबरडा फोडला असता. "हे मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही. एकटीने चढून आले असं म्हणायला बरं वाटतं. फोटो राहू द्यायचा असेल तर शेजारी एका सायकलचा लावा."

आणि घड्याळ बघून निघालीस. पेशंट होते तुझे, मला माहीत आहे. जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवलास. आई तेव्हापासून त्या खांद्याला कोणाला हात लावू देत नाही.

आता पुढचं ऐक. कुजबूज चालली. विज्ञानाच्या बाई उठल्या. "मी मुलांना आवड नाही असं लिहून मोकळी झाले होते. मग त्या बसमधून एकदा गेले. सभासदांनीही जावं. टोपी सोबत न्यावी." आजोबाची आई उठली. तिने काही भाषण केलं नाही, रुमालातून तो निळा स्फटिक काढून टेबलावर ठेवला. "माझ्या मुलाने केलाय," म्हणाली आणि बसली. सगळ्यात म्हातारे सभासद तो दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

मतं घेतली. एका मताने! एकाच मताने, ताई, पण मिळाली! उशिराची फेरी, आठवड्यातून दोन दिवस, वार्षिक परीक्षेपर्यंत. मग पुढचं पुढे बघू म्हणाले. निम्मंच दिलं, तेही हात आखडून. पण त्या क्षणी आम्ही बायका अशा ओरडलो की रखवालदार धावत आत आला.

आणि माझी नोकरी? डेपोच्या साहेबांनी ताकीद दिली, पगारातून काही कापणार म्हणाले, आणि मग किल्ली पुढे केली. "तो नवा माणूस गिअरबॉक्सची वाट लावतोय," म्हणाले. कौतुकाची तऱ्हा बघ!

बाबांच्या खोलीत मी तुला "तू आमची राहिली नाहीस" म्हणाले होते. ते मी परत घेते. तू तुझं घे की नको, तुझी मर्जी. मला वाटतं तू काल घेतलंस.

तुझी,
धाकटी

*

२२ मार्च

ताई,

निवड वर्गाचा निकाल लागला! भिंगरी तुला फोनवर सांगते म्हणत होती. मी म्हटलं, नाही, मावशीला मी लिहिणार, हा मान माझा.

आमच्या बसमधली सात मुलं निवड वर्गात गेली. सात! या शाळेच्या जन्मात आपल्या रंगाची इतकी मुलं त्या वर्गात कधी बसलेली नाहीत, असं बाई म्हणाल्या. टाचणी आहे. आजोबा आहे. वर्गात दुसरा आला, आणि पहिला का नाही यावर त्याने मला वाटेत व्याख्यान दिलं. एक मुलगी आहे जिचा आवाज मी सप्टेंबरपासून ऐकला नव्हता. परवा ती उतरताना मोठ्याने म्हणाली, "काकू, मी जाते." मी दचकून ब्रेकच दाबला.

भिंगरी त्या सातांत नाही.

थांब, लगेच फोन उचलू नकोस, पुढचं वाच. थोडक्यात हुकलं. बाई म्हणाल्या, सप्टेंबरपासून थांबता आलं असतं तर गेलीच असती, अर्धं वर्ष मागून पळाली ती. पुढच्या वर्षी आणखी एक संधी असते. हे सगळं खरं आहे, आणि तरी आई म्हणून मनाला पटत नाही. मी तिच्यासाठी किल्ली काढली होती ना. खोटं कशाला बोलू? सगळ्यांची मुलं म्हणत होते, पण आरशात दिसत होती ती माझीच.

निकाल उशिराच्या फेरीच्या दिवशीच लागला. पोरं धावत बसमध्ये शिरली, सीट बडवत, नाचत. भिंगरी सगळ्यात जास्त ओरडत होती. टाचणीला तिने अशी मिठी मारली की दोघी पायरीवरून पडल्या. मला वाटलं ही पण गेली! मी आरशातून खूण केली, आणि तिने हसतच मान हलवली. नाही.

मी गाडी काढली. उतार संपेपर्यंत नीट चालवली. मग रस्ता दिसेना. पाऊस नव्हता, काच स्वच्छ होती. मी गाडी बाजूला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आजोबाने विचारलं, "काकू, इंजिन?" एका बाजूने इतका आनंद, सात पोरांचा, आणि एका बाजूने हे. दोन्ही एकाच वेळी कसं मावणार माणसात?

भिंगरी पुढे आली. माझ्या सीटच्या दांड्याला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण आवाज खणखणीत.

"आई, मंडळाने फेरी वार्षिक परीक्षेपर्यंतच दिलीये ना?"

"हो."

"मग पुढच्या वर्षीची आत्ताच मागायला हवी. मी बोलणार या वेळी. तुझं भाषण लांबतं." मग जरा थांबून म्हणाली, "आता चल ना. मी ज्यात हरलेय तो धडा आज रात्रीच काढायचाय, उद्या आळस येईल."

मागून टाचणी ओरडली, "मी शिकवते तुला तो!" आणि सगळी बस पुन्हा एकदम बोलायला लागली.

मी डोळे पुसले, आरसा बघितला, आणि गिअर टाकला.

तुझी,
धाकटी